नर्सबाईंची शीर

मी माणसाचं तोंड नंतर बघते, आधी हात बघते. तीर्थपुरीजवळच्या एका आरोग्य उपकेंद्रात मी एकतीस वर्षं नर्स होते आणि माझं नाव होतं ते एकाच गोष्टीसाठी. मला शीर सापडायची. सलाइन लावायचं असो की तपासणीला रक्त काढायचं असो, मी दंडाला रबर आवळायची, कोपराच्या खळगीत दोन बोटं फिरवायची आणि म्हणायची, "ही बघा." सुई बरोबर तिथंच जायची. जुलाबानं सुकून गेलेलं एखादं लेकरू आलं की मोठ्या दवाखान्याचे डॉक्टरसुद्धा मला घ्यायला जीप पाठवायचे. त्या जीपमध्ये मी पुढच्या सीटवर बसायची, आणि का कोण जाणे, पदर जरा जास्तच नीट करून बसायची.

मुलासाठी मुली बघत होतो तेव्हा एका घरी मी मुलीचा हात हातात घेऊन बराच वेळ बसले. तिच्या आईला वाटलं, मी बांगड्यांचं वजन करतेय. परतीच्या वाटेवर आमचे मास्तर म्हणाले, "एवढं काय बघून राह्यली होतीस?"

"शिरा," मी म्हटलं. "दोरीसारख्या आहेत. पोरीला दवाखान्यात कधी तरास व्हायचा न्हाई."

तीच पुढं आमची सून झाली. मास्तर म्हणजे माझे यजमान. जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेत. कमी बोलतात, आणि जे बोलतात ते हिशेबानं बोलतात.

निवृत्तीनंतर चार वर्षांनी एका दुपारी शेजारच्या मुलीचा साखरपुडा होता. मी पंगतीत ताट घेऊन उभी होते. दोन पुऱ्या, बटाट्याची भाजी, वर जिलबी. एकदम डोळ्यांपुढं अंधार आला. डोळे उघडले तेव्हा मी खुर्चीत होते आणि चार बाया पत्रावळ्यांनी मला वारा घालत होत्या. ताट माझ्या हातात तसंच होतं. पुरीवर पुरी, त्यावर जिलबी. सगळ्यांना माझ्यापेक्षा त्या जिलबीचंच नवल वाटलं.

"पित्त झालंय," मी जाहीर केलं.

नर्सनं पित्त म्हटल्यावर कोण काय बोलणार? पण आठवड्यानं दूध डेअरीपुढं मी पुन्हा मटकन खाली बसले. घरी येऊन गुपचूप स्वतःची नाडी धरली. मिनिटाला अडतीस. माणसाची नाडी अडतीस कशी असेल? घड्याळाचा सेल गेला असणार. दुसऱ्या दिवशी सेल बदलून आणला. नाडी छत्तीस. मंग मी मास्तरांचं घड्याळ घेतलं, आणि तिथंच पकडले गेले.

मास्तर समोर बसले. माझं मनगट धरून त्यांनी पूर्ण तीन मिनिटं नाडी मोजली आणि तीननं भागलं.

"सरासरी सदतीस," ते म्हणाले. "दोन्ही घड्याळं बराबर आहेत. उद्या जालन्याला जायचं."

"पण उद्या पापड करायचेत."

"पापडाला नाडी लागत न्हाई. तुला लागती."

एकतीस वर्षं मी लोकांना "दुखणं अंगावर काढू नका" म्हणून दटावत आले. दुसऱ्या दिवशी नवीन जालन्यात, स्टेशनपासून जवळच्या एका हृदयाच्या दवाखान्यात, तेच वाक्य मला ऐकवलं गेलं. डॉक्टर पस्तिशीचे, मूळचे मंठ्याचे, बोलायला मोकळे. इसीजीचा कागद माझ्यापुढं धरून ते म्हणाले, "मावशी, तुमच्या हृदयाचा वरचा कप्पा 'चल, ठोका दे' म्हणून निरोप पाठवतो, पण तो खालच्या कप्प्यापर्यंत पोचतच नाही. खालचा कप्पा वाट बघून बघून आपल्या मनानं चाललाय, सावकाश. पेसमेकर बसवावा लागेल."

काडेपेटीएवढं यंत्र कातडीखाली बसणार, त्याच्या दोन बारीक तारा शिरेतून हृदयात उतरणार, एवढं त्यांनी समजावून सांगितलं. मास्तरांनी सात प्रश्न विचारले. मी एकच विचारला.

"कुठल्या शिरेतून?"

त्यांनी माझ्या डाव्या खांद्याजवळच्या आडव्या हाडाखाली बोट ठेवलं. "इथून. काखेकडून येते ती."

"ती वरून दिसत न्हाई."

"नाही दिसत."

"बोटालाही लागत न्हाई."

"नाही लागत."

"मंग तुम्हाला सापडती कशी?"

"सापडते," ते हसून म्हणाले. मला ते हसणं बिलकुल आवडलं नाही. न दिसणारी, बोटाला न लागणारी शीर हसत हसत सापडते म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला ठरलं आणि मला तिथंच दाखल करून घेतलं. वॉर्डातली सिस्टर म्हणाली, "आज रात्री हलकं जेवा. सकाळी सहापर्यंत पाणी चालेल, भरपूर प्या. नंतर काही नको." मी मान डोलावली आणि त्याच क्षणापासून पाणी बंद केलं. कारण सांगायला आज लाज वाटते. ऑपरेशन जागेपणी होतं, फक्त तेवढी जागा बधिर करतात, हे मला माहीत होतं. टेबलावर तास-दीड तास निजलेली असताना मला लघवीला लागली तर? परक्या पुरुषांसमोर तसं सांगायचं? हृदय बंद पडण्याची मला तेवढी धास्ती नव्हती. सकाळी सिस्टरनं विचारलं, "पाणी प्यायलात ना?" मी म्हटलं, "हो, दोन तांबे." एकतीस वर्षं पेशंट माझ्याशी खोटं बोलत आले होते. आता माझी पाळी होती.

सलाइनची सुई लावायला एक कोवळी सिस्टर आली. डावा हात मागितला.

"उजवा घे की," मी म्हटलं.

"डावाच हवाय. खांद्याजवळची शीर सापडायला अवघड गेली तर याच सुईतून औषध सोडतात. मग ती एक्स-रेच्या पडद्यावर दिसते."

ती दंडाला रबर लावून बोट फिरवायला लागली आणि मला राहवेना. "अगं, तिथं नको. मनगटाच्या वर, अंगठ्याच्या बाजूला घाल. तिथं कधीच चुकत न्हाई. मी हजारो लावल्यात." तिनं बिचारीनं ऐकलं. सुई गेली, रक्त आलं नाही. "थोडी आत," मी म्हटलं. ती थोडी आत गेली. "आता जरा तिरकी." हात फुगून टम्म झाला. सिस्टरनं सुई काढली, कापूस दाबला आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "आजी, आता एकदा माझ्या मनानं बघू का?"

तिला कोपराखाली, हाताच्या मागच्या अंगाला एका झटक्यात शीर सापडली. सुई दोनदा टोचली त्याचं मला काहीच नव्हतं. पण तिनं मावशी सोडून एकदम आजी म्हटलं, ते फार लागलं. मास्तर खिडकीबाहेर बघत होते. त्यांचे खांदे हलत होते.

ऑपरेशनची खोली थंडगार होती. डॉक्टर आणि टेक्निशियन, दोघांनी एक्स-रेपासून बचाव करणारे शिशाचे जड डगले घातले होते. टेक्निशियन पन्नाशीचे, मिशीवाले. मला टेबलावर निजवलं, छाती-खांद्याला थंड औषध फासलं आणि अंगावर हिरवी चादर पसरली. माझं तोंड तिच्या आडोशाला उघडं ठेवलं होतं. तोंड उघडं असलं की मी बोलते.

"ते काय आहे हातात?" डॉक्टरांच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं काहीतरी होतं.

"सोनोग्राफीचा प्रोब. याच्यानं शीर बघतो."

"सोनोग्राफी? ती तर गरोदर बायांना करतात!"

"तुम्हालाही करतो, मावशी," डॉक्टर म्हणाले. "पोर निघालं तर मास्तरांना सांगू."

मिशीवाले टेक्निशियन हसले. मी हसले नाही. "आमच्या टायमाला असलं काही लागत नव्हतं. बोटावर काम चालायचं."

"इथं बोट नाही चालत. शिरेला चिकटून धमनी असते आणि तिच्याखाली फुप्फुस. अंदाजानं सुई घातली आणि ती खाली गेली तर फुप्फुसाला भोक. आंधळेपणानं कशाला जायचं? बघून जाऊ."

त्यांनी टेक्निशियनना पडदा माझ्याकडं वळवायला सांगितला. "बघा तुम्हीही. तुमच्या लाइनीचंच काम आहे."

पडद्यावर राखाडी रंगाची भुरभुर होती, पावसाळ्यात टीव्हीची केबल गेल्यावर दिसते तशी. तिच्यात एक काळं गोल भोक होतं, ते सावकाश उडत होतं.

"ही धमनी," डॉक्टर म्हणाले. मग प्रोब इकडं सरकवला, तिकडं सरकवला. जरा तिरका धरला. पुन्हा सरळ केला. गप्पा मारणारा डॉक्टर मधेच गप्प झाला म्हणजे काय, ते नर्सला कळतं.

"काय झालं?"

"शीर चपटी पडलीय. तुम्ही श्वास घेतला की नाहीशीच होते. हे बघा... ही आली... ही गेली." खरंच पडद्यावर एक काळी रेघ उमटायची आणि मी श्वास घेतला की मिटून जायची. "मावशी, पाणी कधी प्यायलात शेवटचं?"

मॉनिटरवर माझ्या ठोक्याचा टूं आवाज तेवढा येत होता, तोही पुष्कळ वेळानं एकेकदा.

"मावशी?"

"काल दुपारी," मी म्हटलं.

"काल दुपारी? सिस्टरनं तर दोन तांबे लिहिलंय!"

"तिनं बराबर लिहिलंय. मीच खोटं सांगितलं." आणि मग सगळंच सांगून टाकलं. लघवीची भीती, परके पुरुष, सगळं. मिशीवाले टेक्निशियन भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. डॉक्टर मात्र सरळ म्हणाले, "एवढंच ना? आधी सांगायचं की. सगळी सोय असते इथं, बाईमाणूसही असतं मदतीला." त्यांनी सलाइन जोरात सोडायला सांगितलं आणि माझ्या पायांखाली उशा दिल्या. "हातातून औषध सोडून एक्स-रेवर शीर बघता आली असती. पण अंग एवढं सुकलेलं असताना ते औषध किडनीला बरं नाही. आधी तुम्हाला पाणी पाजू. थांबू थोडं."

आम्ही थांबलो. पाय वर, डोकं खाली, असं निजून पडद्यावरच्या त्या चपट्या रेघेकडं बघताना मला एक बाई आठवली. आमच्या उपकेंद्राशेजारच्या वस्तीतली, कापूस वेचायला जाणारी. एका उन्हाळ्यात तिला जुलाब-उलट्या झाल्या होत्या. डोळे खोल गेलेले. मी तिला पाच ठिकाणी टोचलं आणि पाचही वेळा शीर मिळाली नाही. शेवटी जीपनं तिला घनसावंगीला पाठवली, तिथं सलाइन लागलं, ती वाचली. पण त्या दिवशी मी सगळ्यांदेखत तिलाच म्हणाले होते, "तुझ्या शिराच पळतात, मी काय करू?" पुढं कितीतरी वर्षं मी ती हकीकत पळणाऱ्या शिरांची हकीकत म्हणूनच सांगितली. तिची शीर कुठंही पळाली नव्हती. तीही माझ्यासारखीच सुकून चपटी पडली असणार.

"आली बघा," डॉक्टर म्हणाले.

धमनीशेजारी आता दुसरं काळं वर्तुळ दिसत होतं. चांगलं टपोरं, गप पडून राहिलेलं. डॉक्टरांनी प्रोब जरा दाबला. धमनी गोलच राहिली, उडत राहिली. हे दुसरं वर्तुळ मात्र दाबलं की मिटलं, सोडलं की उघडलं.

"दाबली की दबते ती शीर," ते म्हणाले. "धमनी ऐकत नाही."

"अगं बाई!" मी म्हटलं. एकतीस वर्षं मी बोटाखाली हेच दबणं-उघडणं ओळखत आले होते. ते डोळ्यांनी कसं दिसतं, ते त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. एवढा आनंद झाला की आपण ऑपरेशनच्या टेबलावर आहोत हे मी क्षणभर विसरले आणि नीट बघायला उठायलाच लागले. दोघंही एकदम ओरडले, "मावशी, हलू नका!"

जागा बधिर केली. पडद्यावर सुईचं टोक चकाकत वर्तुळाकडं निघालं. मी श्वास धरून बघत होते. टोक वर्तुळाला टेकलं, वर्तुळ जरा दबलं आणि सुई बाजूनं सरकून गेली.

"शीर पळाली का?" मी विचारलं.

"नाही हो. शीर जागेवर आहे. मीच जरा बाजूला गेलो," डॉक्टर म्हणाले. किती सहज म्हणाले! पाणी मागावं तितक्या सहज. ते वाक्य मी चादरीखाली ओठांतल्या ओठांत म्हणून बघितलं. टेक्निशियनना वाटलं, मला चक्कर येतेय.

दुसऱ्यांदा टोक बरोबर वर्तुळाच्या मधोमध उतरलं. सुईतून बारीक तार आत गेली. मग डॉक्टरांनी वरचा एक्स-रे चालू केला आणि दुसऱ्या पडद्यावर माझ्या बरगड्या दिसल्या. ती तार हृदयावरून मणक्याच्या उजव्या अंगानं खाली पोटापर्यंत उतरत गेली. "खाली तिथपर्यंत गेली म्हणजे शिरेतच आहे," डॉक्टर म्हणाले. त्याच वाटेनं पेसमेकरच्या दोन तारा हृदयात जाऊन बसल्या.

"आता जरा जोरात करंट देऊन बघतो," ते म्हणाले. "पोटात हलतंय का सांगा."

मला उचकी लागली. मग दुसरी. मग एका तालात उचक्याच सुरू झाल्या.

"मास्तर आठवण काढून राह्यलेत," मी उचक्यांच्या मधून म्हटलं.

"मास्तर नाहीत, ही तार काढतेय," डॉक्टर म्हणाले. "श्वासाच्या पडद्याला झटके बसतायत. जागा बदलतो." त्यांनी तार अर्धं बोट सरकवली. उचक्या थांबल्या.

मग तारांना ते यंत्र जोडून कातडीखाली बसवलं आणि खोलीतला टूं टूं आवाज बदलला. इतका वेळ रेंगाळत येणारा आवाज आता मिनिटाला सत्तर ठोके देत होता. थोड्या वेळात माझे पाय ऊबदार झाले. डोकं हलकं झालं. महिनाभर मला सगळ्यांचे आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखे ऐकू येत होते आणि मी त्याला म्हातारपण समजत होते. आता टेक्निशियन कोपऱ्यात हळूच "झालं एकदाचं" म्हणाले, तेही मला स्पष्ट ऐकू आलं.

"काय झालं एकदाचं? मी एवढा तरास दिला का?" मी विचारलं.

"न्हाई न्हाई, मावशी!" ते म्हणाले. पण डगला काढताना त्यांनी कपाळाचा घाम पुसलेला मी बघितला. त्या थंडगार खोलीत.

घरी पाठवताना डॉक्टरांनी ताकीद दिली. डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, जड उचलायचं नाही, मोबाइल उजव्या कानाला लावायचा, नाडी आणि जखम रोज बघायची. हात वर न्यायचा नाही म्हणजे वेणी घालता येणार नाही, हे घरी गेल्यावर माझ्या लक्षात आलं. सून संभाजीनगरला नोकरीला. शेवटी मास्तरांनी फणी हातात घेतली. पहिल्या दिवशी त्यांनी तीन पेडांची वेणी कशी होते ते मला सांगायला लावलं, कागदावर लिहून घेतलं आणि कागद आरशाला लावून बाजेची दोरी वळावी तशी वेणी वळली. ती उजव्या कानावर निघाली. "मधोमध यायला पायजे," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते पाठीवर बोटांनी अंतर मोजायला लागले. मला इतक्या गुदगुल्या झाल्या की जखम दुखली.

चौथ्या आठवड्यात मी तशीच वाकड्या वेणीनं रिक्षा करून त्या कापूस वेचणाऱ्या बाईकडं गेले. ती आता म्हातारी झालीय. ओट्यावर तूर निवडत बसली होती. माझी वेणी बघून आधी खूप हसली. मग तिनं चहा केला. चहा घेता घेता मी म्हटलं, "तुला एक सांगायचं होतं. त्या उन्हाळ्यात तुझी शीर पळाली नव्हती. मलाच सापडली न्हाई."

"मला ठावं हाय की," ती म्हणाली.

"कसं?"

"पाचव्या टायमाला तुमचा हात थरथरून राह्यल्ता. म्या म्हनलं, बाई आपल्यापक्षी जास्त भ्याली. म्हनून गप पडून राह्यले."

तिनं माझ्या खांद्याखालच्या उंचवट्यावर हळूच बोट ठेवलं. "आत काय घातलंय? मोबाइल?"

"तसंच काहीतरी."

"लेकाचा फोन येतो का त्याच्यावर?"

"न्हाई."

"मंग काय कामाचं!" असं म्हणून ती पुन्हा तूर निवडायला लागली. जाताना तिनं ओंजळभर तूर माझ्या पदरात घातली, उजव्या बाजूनं.

सहा आठवड्यांनी तपासणीला जालन्याला गेलो. मास्तर गोळ्या आणायला खाली गेले होते तेव्हा डॉक्टरांनी यंत्र तपासलं, जखमेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "छान. आता हात मोकळा. कपडे वाळत घाला, वेणी घाला, काहीही करा."

मास्तर गोळ्या घेऊन वर आले. "काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.

"यंत्र बराबर चाललंय म्हणाले," मी म्हटलं.

हाताचं मी त्यांना आठ दिवसांनी सांगितलं. तोवर त्यांची वेणी मधोमध यायला लागली होती.